जोडीची वचनं आणि रात्री साडेनऊचा फोन

काळीमाती (धागाकर्ती)

नमस्कार आणि जय ख्रिस्त. बरेच दिवस नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबला तर सांभाळून घ्या.

आमचं गाव दारव्हा तालुक्यात. ख्रिस्ती घरं ११. मिशनच्या काळातलं टिनाच्या छपराचं चर्च आहे. पाळकसाहेबांकडे चार गावं, त्यामुळे आमच्या वाट्याला महिन्याचा दुसरा आणि चौथा रविवार. बाकीच्या रविवारी बाबाच एखादं स्तोत्र वाचतात, दोन गीतं होतात आणि मंडळी आपापल्या वावरात जातात.

धाकटा भाऊ २४ वर्षांचा. डी. फार्म. करून दिग्रसला एका मेडिकलवर आहे, रोज येणंजाणं. गेल्या पावसाळ्यापासून रात्री साडेनऊला फोन घेऊन ओट्यावर बसतो. आठवड्यातून चार दिवस ‘बायबल अभ्यास’. सुरुवातीला आईला केवढा आनंद! पोरगं देवाच्या मार्गाला लागलं म्हणाली. वर्ग कोणाचा, मंडळी कोणती, असं विचारलं तर नाव सांगत नाही. “नावात काय आहे ताई, वचन महत्त्वाचं.” घरी इतक्यात काही बोलू नका, त्यांना अजून समजायचं नाही, असं वर्गात सांगितलेलं असल्याचं एकदा त्याच्याच तोंडून निघून गेलं.

मागच्या नाताळात त्यानं करंजीला हात लावला नाही. हा सूर्यदेवाचा सण आहे म्हणे. मग त्रैक्य निघालं, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव ही आमची शिकवण. ते ३२५ साली एका रोमन बादशहानं बनवलं. मग बायबलातल्या शेवटच्या, प्रकटीकरणाच्या पुस्तकातलं शिक्के मारलेलं पुस्तक, जे फक्त या काळासाठी पाठवलेल्या एका माणसालाच उघडता येतं. बाबांना जेवताना विचारलं, “तुम्ही चाळीस वर्षं वाचता, तुम्हाला कळलं का त्यात काय आहे?” बाबांनी ताटातला घास ताटातच ठेवला. आठवी शिकलेला माणूस, काय बोलणार?

त्याची वही मी पाहिली. पानाच्या मधोमध उभी रेघ. डावीकडे लाल शाईत एक वचन, उजवीकडे निळ्या शाईत दुसरं, मध्ये बाण. वर लिहिलंय ‘जोडीची वचनं’. बियाणं म्हणजे वचन, झाड म्हणजे माणूस, पक्षी म्हणजे आत्मा. अशी ६० पानं. अक्षर इतकं सुबक की बारावीच्या वहीतही नव्हतं.

मी शाळेत गणित शिकवते, धर्मशास्त्र शिकलेली नाही. असल्या पंथांना उत्तर कसं द्यायचं, कोणी सांगेल का? धर्मांतर वगैरे वादाला हा धागा नाही, कृपया.

तर्कटी

ताई, राग मानू नका, पण बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं. तुमचं जुनं, त्यांचं नवं. दोन हजार वर्षांपूर्वी तुम्हीही कोणाच्या तरी घरातला ‘रात्री साडेनऊचा वर्ग’च होता की.

बैलबंडी

तर्कटी भाऊ, पॉइंट बरोबर हाय, पन ताईचा भाऊ घरात बोलत नाही हा प्रश्न हाय. 

ताई, एकच सांगतो. मोबाईल हिसकू नका. माह्या मामानं पोराचा मोबाईल विहिरीत फेकला होता, असल्याच भानगडीत. पोट्टं दुसऱ्या दिवशी किस्तीवर नवा घेऊन आलं. मोबाईल गेला, पैसे गेले, अन् पोट्टं वर्षभर मामाशी बोललं नाही.

रिद्धपूरकर

विषयावर मला बोलता येणार नाही, पण एका शब्दावर बोलतो. ‘असल्या पंथांना’ हे खटकलं. आम्ही महानुभाव पंथाचे. आमच्यासाठी पंथ म्हणजे वाट, आणि रिद्धपूर म्हणजे त्या वाटेवरचं घर. वारकऱ्यांचा संप्रदाय आहे, नाथांचा आहे. इंग्रजीतल्या ‘कल्ट’ला मराठीत आमचे चांगले शब्द देऊन टाकू नका. शिवी द्यायचीच असेल तर दुसरी शोधा.

काळीमाती

रिद्धपूरकर, चूक मान्य. चर्चमध्ये जुने लोक ‘खोटी शिकवण’ म्हणतात, तेच बरं. निदान त्यात माणसाला नाही, शिकवणीला नाव ठेवलेलं असतं.

संत्राबर्फी

नागपुरात हॉस्टेलला असताना माझ्या रूममेटला असाच ‘अभ्यास’ सुरू झाला होता. तेव्हा थोडं वाचलं होतं, ते टाकते.

एकट्या दक्षिण कोरियातून असे मोठे गट आले. सन म्युंग मून यांचं युनिफिकेशन चर्च १९५४ चं. आन सांग-होंग यांनी १९६४ मध्ये सुरू केलेल्या मंडळीत आज तेच परत आलेला ख्रिस्त मानले जातात आणि त्यांच्यासोबत एका हयात बाईंना ‘माता देव’ म्हणतात. ते स्वतः १९८५ मध्ये वारले. ली मान-ही यांचं शिनचोनजी १९८४ चं. करोनाच्या सुरुवातीला, २०२० मध्ये, देगू शहरातल्या साथीमुळे ते नाव जगभर पोचलं. चीनमध्ये वेगळेच प्रकार आहेत.

पण भावाचा वर्ग यातला आहे की आणखी कुठला, ते इथून सांगता येणार नाही. उगाच एखादं नाव चिकटवू नका. चुकीचं नाव घेतलंत तर “बघा, ताईला काहीच माहीत नाही” एवढंच त्याच्या मनात पक्कं होईल. माझ्याकडून नेमकं हेच झालं होतं.

जुनीसेमिनरी

धागा उशिरा पाहिला. यवतमाळचा आहे, मंडळीत शिकवतो. थोडं सविस्तर लिहितो.

आधी शब्द. श्रद्धेवरच्या प्रश्नांना उत्तर देण्याला अपॉलजेटिक्स म्हणतात, मराठीत समर्थनशास्त्र. मूळ ग्रीक शब्द अपोलोगिया. कोर्टात आरोपीनं आपल्या बाजूनं केलेलं भाषण. इंग्रजी ‘अपॉलॉजी’सारखा वाटला तरी माफीशी संबंध नाही. पेत्राच्या पहिल्या पत्रात (३:१५) सांगितलंय की तुमच्या आशेविषयी विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यतेनं. आपल्याकडच्या तरुण संघातली पोरं पहिला अर्धा भाग पाठ करतात.

आता भावाचे तिन्ही मुद्दे.

३२५ ची निकाया गावातली धर्मसभा. तिथं बादशहा कॉन्स्टंटाइन होता, ही गोष्ट खरी आहे, ती नाकारू नका. पण भांडण त्यानं काढलेलं नव्हतं. आलेक्सांद्रियाच्या मंडळीतला एक पाळक, आरियुस, म्हणत होता की पुत्र (म्हणजे ख्रिस्त) हा निर्माण केलेला आहे, एक वेळ अशी होती की तो नव्हता. सभेनं ते फेटाळलं. आपण उपासनेत म्हणतो तो मतांगीकार, म्हणजे विश्वासाची कबुली, पुढे ३८१ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला पूर्ण झाला. ख्रिस्ताला देव मानणं तिथं सुरू झालं का? बिथुनियाचा रोमन सुभेदार प्लिनी सुमारे ११२ साली सम्राट ट्राजानला पत्र लिहितो की हे लोक ठरलेल्या दिवशी पहाटे जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून गीत म्हणतात. प्लिनी आपला माणूस नव्हता, तो आपल्या लोकांना शिक्षा देत होता. त्याची साक्ष निकायाच्या २०० वर्षं आधीची.

नाताळ. इथं आपणच प्रामाणिक राहावं. जन्माची तारीख बायबलात नाही. २५ डिसेंबरची सर्वांत जुनी नोंद रोममधली, चौथ्या शतकातली. आर्मेनियन मंडळी आजही ६ जानेवारीला साजरा करते. तारखेवर तारण अवलंबून नाही, करंजीवर तर नाहीच. भावाला म्हणावं, तारीख सोड, करंजी खा.

शिक्के मारलेलं पुस्तक. प्रकटीकरणाचा ५ वा अध्याय त्यालाच वाचायला सांगा. शिक्के फोडायला कोण लायक आहे असा प्रश्न त्याच अध्यायात येतो, योहान रडतो, आणि उत्तरही तिथेच येतं: कोकरा, ज्याचा वध झाला. उत्तर अध्यायातच असताना बाहेरचा माणूस लागतो कशाला?

नवं काहीच नाही यात. १८० च्या सुमारास लियोंचा बिशप आयरेनियस ज्ञानवाद्यांना उत्तर द्यायला बसला, तेव्हा त्यांचीही तक्रार हीच होती की खरं गुपित फक्त आमच्याकडे आहे. आयरेनियसनं एक काम केलं जे आपण करत नाही. आधी त्यांचं सगळं वाचलं, त्यांच्या लोकांशी बोलला, मग लिहिलं. आपण व्हॉट्सॲपवर आलेला ‘सावधान!’चा लाल फोटो पुढे पाठवतो आणि झाली सेवा.

अमेरिकेत हे काम संस्था काढून सुरू केलं ते वॉल्टर मार्टिन यांनी, १९६० साली. त्यांच्याकडून मी एक शिकलो. सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्टांना तेव्हा बरेच जण सरसकट पाखंडी म्हणत. मार्टिन त्यांच्या पुढाऱ्यांसोबत बसले, प्रश्न विचारले आणि म्हणाले की मतभेद आहेत, पण हे ख्रिस्तीच आहेत. स्वतःच्या लोकांच्या शिव्या खाल्ल्या त्यासाठी.

आता मनातलं बोलतो. आमच्या यवतमाळात १९५३ पासून ३० वर्षं युनियन बिब्लिकल सेमिनरी होती, १९८३ ला पुण्याला गेली. सगळ्या देशातून पोरं यायची शिकायला. त्याच जिल्ह्यात ११ घरांच्या मंडळीला महिन्यातून दोनदा पाळक मिळतो आणि तो वर्ग आठवड्यातून चारदा घरात येतो. भावाला प्रश्न पडला तेव्हा उत्तर द्यायला आम्ही ओट्यावर नव्हतो. ते होते. याला मी त्यांचा दोष मानत नाही.

तर्कटी

सेमिनरीवाले, लेख आवडला, प्लिनी तर विशेष. पण तुमच्या समर्थनवाल्यांचंही बघा. रवी झकरायस, मूळचे चेन्नईचे, ख्रिस्ती श्रद्धेच्या समर्थनावर जगभर व्याख्यानं. २०२० मध्ये वारले आणि २०२१ मध्ये त्यांच्याच संस्थेनं नेमलेल्या चौकशीत लैंगिक गैरवर्तन उघड झालं. एकाच माणसाभोवती सगळं फिरायला लागलं की हे होतं. तिथंही आणि इथंही.

जुनीसेमिनरी

पूर्ण मान्य. मी त्यांची व्याख्यानं वर्गात लावायचो. आता लावत नाही, आणि का लावत नाही तेही पोरांना सांगतो.

दारावरचापाहुणा

मी यहोवाचा साक्षीदार आहे. असल्या चर्चेत आमचं नाव येतंच, म्हणून आधीच लिहितो. आम्ही नाव लपवून अभ्यास घेत नाही. दारावर येतो, कोण ते सांगतो, ‘टेहळणी बुरूज’ हातात देतो. नको म्हटलंत तर जातो. केरळमधली आमची तीन मुलं राष्ट्रगीताला आदरानं उभी राहत, पण गात नव्हती म्हणून शाळेतून काढली. १९८६ मध्ये सुप्रीम कोर्टानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. श्रद्धेसाठी किंमत मोजणाऱ्याला फसवलेला म्हणू नये.

त्रैक्य हा शब्द बायबलात नाही, हे मात्र भाऊ बरोबर सांगतोय. आणि योहान १:१ च्या मूळ ग्रीकमध्ये दुसऱ्या ‘देव’ शब्दाआधी उपपद नाही, (उपपद म्हणजे इंग्रजीतल्या ‘द’सारखा शब्द), म्हणून आमच्या इंग्रजी भाषांतरात ‘शब्द देव होता’ऐवजी ‘एक देव’ अशा अर्थानं आहे.

जुनीसेमिनरी

पाहुणे, स्वागत. नाव न लपवण्याचा तुमचा मुद्दा शंभर टक्के खरा, आणि त्या खटल्याचा फायदा आपल्या सगळ्यांनाच आहे.

शब्द बायबलात नाही, खरं. ‘बायबल’ हा शब्दही बायबलात नाही. प्रश्न शब्दाचा नाही, ती गोष्ट तिथं आहे का हा आहे.

उपपदाचं म्हणाल तर मराठीत ही भानगडच नाही, आपल्याकडे उपपद नसतं. ‘शब्द देव होता’, संपलं. पण ग्रीकचा नियम लावायचा तर सगळीकडे लावा. त्याच अध्यायात ६, १२, १३ आणि १८ व्या वचनातही ‘देव’ शब्दाआधी उपपद नाही. तिथं तुमच्या भाषांतरात सरळ मोठ्या अक्षराचा देव आहे. आणि त्याच शुभवर्तमानाच्या शेवटी, २०:२८ ला, शिष्य थोमा येशूला काय म्हणतो? “माझा प्रभू व माझा देव.” येशू त्याला टोकत नाही.

तुम्हाला हरवायला हे लिहीत नाही. यवतमाळला आलात तर चहाला या.

दारावरचापाहुणा

थोमाच्या वचनाला आमच्याकडे उत्तर आहे, पण धागा ताईंचा आहे. चहाचं लक्षात ठेवतो.

ग्रंथालय_कोपरा

समाजशास्त्राच्या बाजूनं थोडं. तिथले लोक ‘कल्ट’ टाळून ‘नवे धार्मिक प्रवाह’ म्हणतात. आयलीन बार्कर या ब्रिटिश बाईंनी मून यांच्या अनुयायांचा अनेक वर्षं अभ्यास केला, १९८४ मध्ये निष्कर्ष छापले. शिबिराला गेलेल्या दहांतले नऊ जण सामीलच झाले नव्हते. म्हणजे ‘ब्रेनवॉशिंग केलं’ म्हणून मोकळं होता येत नाही. माणूस काहीतरी शोधत असतो आणि ते त्याला तिथं मिळतं.

दुसरी गोष्ट. १९७० च्या दशकात अमेरिकेत आईबाप भाड्यानं माणसं लावून पोरांना उचलून आणायचे, खोलीत कोंडून ‘डोकं साफ’ करायचे. पुढे त्यावर खटले झाले आणि अशा प्रकाराशी जोडलेली एक संस्था दिवाळखोरीत गेली. तुमच्या गावात कोणी ‘खोलीत बंद करा पोराला’ म्हणत असेल तर आत्ताच थांबवा.

काळीमाती

म्हणाले ना. मोठे काका. त्यांना हा प्रतिसाद वाचून दाखवते.

पांदणवाट

मी सहसा लिहीत नाही. अचलपूरकडची आहे. सात वर्षं अशाच एका गटात होते, नाव सांगणार नाही, त्यात माझी जिवाभावाची माणसं अजून आहेत.

ताई, तुमच्या भावाला तिथं काय मिळतं ते मी सांगते. मी कापूस वेचून घरी यायचे, हातांना बोंडांचे ओरखडे, आणि रात्री कोणीतरी फोनवर विचारायचं, “आज कालच्या वचनावर तू काय विचार केलास?” मी काय विचार केला! आयुष्यात मला हे कोणी विचारलं नव्हतं. सासरी नाही, माहेरी नाही, चर्चमध्ये तर नाहीच. चर्चमध्ये बायकांनी सतरंज्या टाकायच्या.

त्रास नंतर सुरू झाला. झोप गेली. किती जण आणले याचा हिशेब. शंका आली तर तो सैतान. घरचे ओरडले की वर्गात सांगायचे, बघ, सांगितलं होतं ना छळ होईल. म्हणजे तुमचा प्रत्येक राग त्यांच्या वहीत आधीच लिहिलेला असतो.

पाळकांनी तीन वेळा बसवून वचनं दाखवली. मला सगळ्याची उत्तरं पाठ होती, तिन्ही वेळा मीच जिंकले. माझा भाऊ मात्र दर शनिवारी फोन करायचा. म्हैस व्याली, संत्र्याला भाव नाही, आईचा गुडघा दुखतो. धर्माचं एक अक्षर नाही. ज्या दिवशी मला बाहेर पडावंसं वाटलं त्या दिवशी फोन कोणाला करायचा हा प्रश्न पडला नाही.

एक करून बघा. वाद घालू नका, त्याच्याजवळ वाचायला बसा. त्यानं वचन दाखवलं की म्हणा, वरच्या दोन ओळीपण वाच ना. बस.

बैलबंडी

पांदणवाट ताई, वाचून गप झालो. सतरंज्यांचं आमच्या देवळातबी तसंच हाय.

काळीमाती

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. तूर उभी आहे, कापसाची दुसरी वेचणी चालली, म्हणून वेळ झाला नाही.

पहिल्या आठवड्यात मी काहीच बोलले नाही. साडेनऊला ओट्यावर त्याच्या बाजूला लसूण सोलत बसले. त्यानं दोन दिवस आवाज कमी ठेवला, तिसऱ्या दिवशी इअरफोन लावले, चौथ्या दिवशी लसूण सोलायला घेतला.

मागच्या गुरुवारी वर्ग झाल्यावर मीच म्हटलं, तुझी वही दाखव, मला जोडीची वचनं समजाव. खुलला एकदम. मास्तरासारखा बसला. म्हणाला, प्रत्येक वचनाला जोडी असते, ती शोधल्याशिवाय अर्थ लागत नाही, हे बायबलच सांगतं. कुठं? यशया ३४:१६. परमेश्वराच्या ग्रंथात शोधा, यातलं एकही जोडीविना असणार नाही.

मला ते वचन माहीत नव्हतं, खरंच. मी पांदणवाट ताईंचं आठवून म्हटलं, वरच्या दोन ओळीपण वाच ना. बाबांचं बायबल आणलं, जाड पुठ्ठ्याचं. तो वाचायला लागला. अदोम देश ओसाड होईल, तिथं रानटी जनावरं येतील, घुबड घरटं करील, अंडी घालील, घारी आपापल्या जोडीदारासोबत जमतील...

थांबला. परत वाचलं, मनात. मग बोट ठेवून तिसऱ्यांदा.

“ताई, हे तर घारींबद्दल आहे.”

मी लसूणच सोलत होते. हात थरथरत होता, पण बोलले नाही. आतून बाबांनी विचारलं, काय रे, काय सापडलं? तो म्हणाला, काही नाही बाबा. वही मिटली, पण पेन आत तसंच राहिलं.

शुक्रवारी वर्ग केला त्यानं. शनिवारीही. तर ‘बाहेर आला’ वगैरे कोणी लिहू नका. फक्त रविवारी सकाळी बाबा स्तोत्र वाचत होते तेव्हा मागच्या दाराशी उभा होता, आणि दुपारी मला विचारलं की मध्ये एकदा सहज बोललीस ते ३२५ चं तू कुठं वाचलंस. मी म्हटलं एका माणसानं सांगितलं, यवतमाळचे आहेत. म्हणाला, येतील का ते इकडं? वाद घालायला नको, मला फक्त विचारायचंय.

सेमिनरीवाले दादा, पुढचा रविवार पाळकसाहेबांचा नाही, चर्च रिकामंच असेल. जमेल का? पाळकसाहेबांना मी फोन करून सांगितलंय, त्यांची हरकत नाही.

जुनीसेमिनरी

येतो. दारव्ह्यापर्यंत एसटीनं, पुढे भावालाच गाडी घेऊन पाठवा, रस्त्यात बोलणं होईल. वहीपण आणायला सांगा, ६० पानं मला आधी वाचायची आहेत. आणि पोळ्या करू नका, ज्वारीची भाकर चालेल.

काळीमाती

भाकर आणि वांग्याची भाजी. तो म्हणतोय, स्टँडवर सव्वानऊला उभा राहतो, निळ्या शर्टात.